जुनी टूरिंग बाईक घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुनी गाडी दाखवायला आणणारा माणूस ती स्टँडवर लावायच्या आतच सांगतो, "मीटर बघा, फक्त अकरा हजार!" आम्ही मीटर सगळ्यात शेवटी बघतो. असं का, हे दर वेळी तोंडी समजावण्यात अर्धा तास जातो, म्हणून हे पत्रक छापलं.

आमचं गॅरेज साताऱ्यात आहे. आम्ही गाड्या विकत नाही आणि विकणाऱ्याकडून कमिशनही घेत नाही. तुम्ही पसंत केलेली गाडी तपासून देतो, पुढे तिची सर्व्हिसिंग करतो, एवढाच धंदा. रोज कामावर जायचं, पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मागे कुणाला तरी बसवून, दोन बॅगा बांधून गोवा किंवा हंपी गाठायची, आणि खिशात एक ते दीड लाख, अशा लोकांसाठी हे लिहिलंय.

कशासाठी हवी, ते आधी ठरवा

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही. चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलची कायद्याने कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. त्यामुळे "दीडशेला जाते" या वाक्याला पैसे मोजू नका. ऐंशीच्या वेगाला चार तास हात बधिर न होता बसता येतं का, आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घाटात आडव्या आल्या तर चौथ्या गिअरमध्ये ओलांडायची ताकद आहे का, हे बघा. मागे जी व्यक्ती बसणार आहे तिला ट्रायलच्या दिवशी सोबत न्या. सीटमुळे सहा महिन्यांत परत विकायला निघालेल्या चांगल्या गाड्या आम्ही बऱ्याच बघितल्यात.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा मुद्दा आम्ही सोडत नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना तो १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांत कुठे होता, कुठे नव्हता, कुठे जास्त पैसे भरून मिळायचा. पावसात आंबोली उतरणार असाल तर एबीएसची गाडी बघा, रंग आवडला नाही तरी चालेल.

कोणती गाडी?

पल्सर २२० ही गरिबाची टूरिंग गाडी, आणि हे आम्ही कौतुकाने म्हणतोय. पुढचं अर्धं फेअरिंग (गाडीला बसवलेलं प्लास्टिकचं कवच) वारा बऱ्यापैकी अडवतं, टाकी मोठी आहे, आणि पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो. २००९ ते २०२० दरम्यानच्या गाड्यांना कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आहे, तो कुणीही साफ करून देतो. खोट म्हणाल तर मागची सीट अरुंद, आणि या गाड्या बहुतेक पोरांनी पळवलेल्या असतात.

होंडाची सीबीआर २५० आर २०११ साली आपल्याकडे आली आणि बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर २०२० मध्ये बंद झाली. पूर्ण फेअरिंग, पाण्यावर थंड होणारं इंजिन, तरीही बसायला आरामशीर. स्पोर्ट-टूरिंग म्हणतात त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच. आमच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) लवकर गेलेला दिसतो आणि फेअरिंगच्या पार्टसाठी थांबावं लागतं. गाडी बंद झाल्यामुळे किंमत मात्र उतरलेली असते.

यामाहाची फेझर २५ लोकांच्या ध्यानातच येत नाही. २४९ सीसी, पाचच गिअर, दिसायला थोडी बेंगरूळ, पण हायवेला शांत चालते. फेअरिंग फुटलं असेल तर नाद सोडा, ते शोधण्यात महिना जाईल.

डॉमिनार ४०० बद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. डिसेंबर २०१६ मध्ये आली तेव्हा ३७३ सीसी आणि ३५ पीएस (अश्वशक्ती) ताकद होती. २०१९ ला इंजिन सुधारलं, ताकद ४० पीएस झाली आणि पुढचे शॉकअप उलटे, म्हणजे जाड नळी वर असलेले, आले. जुनी की नवी, हे शॉकअप बघून लांबूनच ओळखता येतं. पहिल्या मॉडेलला हँडल आणि फूटरेस्ट जरा थरथरतात. परवडत असेल तर २०१९ नंतरची घ्या. वजन १८० किलोच्या वर आहे. उतारावर लावलेली गाडी एकट्याने मागे ओढून बघा, मग ठरवा.

निन्जा ३०० स्वस्तात मिळतेय म्हणून लोक फोटो घेऊन येतात. दोन सिलिंडरचं इंजिन, आवाज सुंदर, आम्हालाही आवडते. पण ती घेण्याचं बजेट आणि ती सांभाळण्याचं बजेट ही दोन वेगळी बजेटं आहेत.

आणि हिरो होंडाची करिझ्मा. २००३ सालची ती पहिली, २२३ सीसीची. आमच्या वयाच्या माणसाला ती दिसली की पोटात कालवतं. पण पंधरा वर्षं झालेली गाडी म्हणजे आरसीचं (नोंदणीपत्राचं) नूतनीकरण आणि पर्यावरण कर आला. हौस म्हणून घ्या, प्रवासासाठी नको.

उभी राहिलेली गाडी

आता मीटरकडे येऊ. एक शिक्षक एकाच दिवशी दोन डॉमिनार तपासायला घेऊन आले. पहिली २०१८ ची, चाललेली अकरा हजार, रंगावर ओरखडा नाही. मालक नोकरीसाठी बाहेरगावी, गाडी वाड्यात झाकून ठेवलेली. दुसरी त्याच सालची, सेहेचाळीस हजार चाललेली, टाकीवर बॅगेचे घासे, चिखल तसाच. शिक्षकांचं मन अर्थातच पहिलीवर.

पहिलीची सीट काढली तर आत शेंगांची टरफलं. उंदरांनी बॅटरीशेजारी संसार थाटला होता. वायरिंग तीन ठिकाणी कुरतडलेलं, एका ठिकाणी तांबं उघडं. टायरवर शिक्का ४८१७, म्हणजे २०१७ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. नक्षी सगळी शिल्लक, पण रबर नखाने दाबलं तर दगडासारखं. मागच्या ब्रेकचा पिस्टन आत चिकटलेला. टाकीत टॉर्च मारली तर तळाशी तपकिरी पापुद्रे.

दुसऱ्या गाडीबरोबर मालकाने शंभर पानी वही दिली. त्यात दर सातशे-आठशे किलोमीटरला 'चेन साफ, ऑइल लावलं' अशी नोंद, आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या पिन करून लावलेल्या. मागचा टायर मधोमध सपाट झालेला, कारण गाडी हायवेला सरळच पळालेली. तो बदलावा लागणार होता. इंजिन थंड असताना एका सेल्फला सुरू झालं, टायमिंग चेनची (इंजिनच्या आतल्या चेनची) खडखड नाही. शिक्षकांनी तीच घेतली, तीही पहिलीपेक्षा कमी पैशात.

चालती गाडी कुठे झिजलीय ते डोळ्यांना दिसतं आणि त्याचा हिशेब मांडता येतो. उभी गाडी आतून सडते. आपल्याकडे चार महिने पाऊस असल्यामुळे हे जास्तच. कोकणातून किंवा गोव्यातून आलेली गाडी असेल तर टाकीखालची चौकट, स्टँडची स्प्रिंग आणि सायलेन्सरची बुडाकडची बाजू आरशाने बघा. खारी हवा तिथे आधी पोहोचते.

स्वतः काय बघाल

विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." गेल्यावर इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर कारण विचारा. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पाण्यावर थंड होणारी गाडी असेल तर जागेवर दहा-पंधरा मिनिटं सुरू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो का ते ऐका. या परीक्षेला विकणारे कंटाळतात. कंटाळू द्या.

गाडी पडलीय का, हे रंग सांगत नाही, कारण रंग नवा मारता येतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ते जिथे अडतं तो चौकटीवरचा ठोकळा वाकलेला किंवा चेपलेला असेल तर गाडी समोरून जोरात आपटलेली आहे, मग आम्हाला दाखवायचीही गरज नाही. शॉकअपच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. नख अडकलं तर गंजाचे खड्डे आहेत, नवं सील महिनाभरही टिकणार नाही. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) पाठीमागून बोटाने ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन किट बदलायचं. ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती वाचा आणि काठाला कंगोरा आलाय का बघा.

मीटरवर विश्वास ठेवायचा की नाही, हे फूटरेस्टचं रबर सांगतं. बारा हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही.

जादा फॉग लाइट, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हॉर्न असं काही लावलेलं असेल तर त्याचे पैसे देऊ नका, उलट कमी करा. मूळ वायर सोलून त्यावर काळी टेप गुंडाळलेली दिसली की पुढे पावसात गाडी कुठेतरी बंद पडणार, हे समजा.

कागद

चासीस नंबर हँडलच्या खालच्या नळीवर असतो. तो आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, फोटोवर जाऊ नका. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आपल्याकडे "सह्या केलेले टीटी फॉर्म (म्हणजे हेच फॉर्म) देतो, तुम्ही सावकाश करा" म्हणतात. सावकाश करू नका. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तोवर त्या गाडीचं चलन आधीच्या मालकाच्या नावावर जातं. थकलेली ई-चलनं आधी बघून घ्या.

विमा चालू आहे म्हणजे तो तुमचा झाला असं नाही. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) जुन्या मालकाकडेच राहतो. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण त्यावर फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर एवढं चढवून बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का, तेही विचारा.

पैसे कुठे थांबवायचे

दीड लाख असतील तर एक लाख पंचवीस हजारांवर थांबा. उरलेले पहिल्याच महिन्यात लागतात. डॉमिनारसारख्या गाडीच्या दोन टायरनाच दहा हजारांच्या आसपास जातात. मग चेन किट, बॅटरी, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल, फिल्टर. हे सगळं नवं करून, दोनशे-तीनशे किलोमीटर जवळपास फिरवून मगच लांबचा बेत आखा. घेतली आणि त्याच रात्री गोव्याला निघाले, अशांचे फोन आम्हाला निपाणीच्या पुढून येतात.

आमच्याकडे आणताना

आदल्या दिवशी कळवा. तपासणीला दीड तास लागतो, त्यात यवतेश्वर घाटाची एक फेरी धरलेली आहे. विकणारा सोबत हवा, कारण सीट, टाकी आणि फेअरिंग उघडायला त्याची परवानगी लागते. मूळ आरसी, दोन्ही किल्ल्या आणि असतील तेवढ्या सर्व्हिसच्या पावत्या आणा. गाडी धुऊन आणू नका, ऑइल कुठून पाझरतंय ते धूळच दाखवते. चालवत आणली तर आम्ही ती दोन तास थंड होऊ देतो, तेवढ्यात चहा घेऊन या.

तपासल्यावर काय काय करावं लागेल आणि त्याला अंदाजे किती लागेल, हे कागदावर लिहून देतो. तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवून भाव करायला आमची हरकत नाही.