जपानच्या ‘नाइट’ धंद्यात नोकरी: अनुभव नंतर, आधी कार्डाची मागची बाजू

टोकियोतल्या काबुकिचोसारख्या रात्रीच्या करमणुकीच्या भागातल्या बार-क्लबांच्या भरतीच्या जाहिरातींत ‘केइकेन्शा युगू’ हे शब्द हमखास दिसतात. म्हणजे अनुभवींना प्राधान्य. आपलं ठरलेलं गिऱ्हाईक सोबत आणणारी होस्टेस (गिऱ्हाइकाशेजारी बसून गप्पा मारणारी, पेय ओतणारी) मालकाला हवीच असते. पण कायदा अनुभव विचारत नाही, तो वय आणि कागद विचारतो.

वय 18 पूर्ण हवं. परदेशी माणसाला ही कामं करता येतात ती मुख्यतः चार प्रकारच्या व्हिसांवर: कायम रहिवासी, जपानी नागरिकाचे जोडीदार किंवा अपत्य, कायम रहिवाशाचे जोडीदार किंवा अपत्य, आणि दीर्घकालीन रहिवासी. इंजिनिअरचा व्हिसा चालत नाही. कलाकाराचा व्हिसा रंगमंचापुरता. गिऱ्हाइकाशेजारी बसून ग्लास भरला की तो मोडला.

विद्यार्थी आणि डिपेंडंट (जोडीदाराच्या किंवा पालकाच्या व्हिसावर अवलंबून आलेली) मंडळी इथेच फसतात. त्यांच्या रेसिडेन्स कार्डाच्या मागे अर्धवेळ कामाच्या परवानगीचा शिक्का असतो: आठवड्याला 28 तास, आणि पुढे लगेच ‘फूझोकु एइग्यो (करमणुकीचे खास परवाना लागणारे धंदे) वगळून’. हे वगळणं कामाच्या प्रकाराला नाही, जागेला आहे. त्यामुळे होस्टेस क्लबात नुसती भांडी घासली तरी ते बेकायदा काम. पाचिंको या जुगारासारख्या यंत्रखेळाचं दुकानही त्यातच येतं, हे आपल्या मुलांना बऱ्याचदा पकडल्यावर कळतं.

कामावर रुजू होताना परदेशी माणसाला मूळ रेसिडेन्स कार्ड किंवा पासपोर्ट दाखवावा लागतो. जपानी उमेदवाराला पासपोर्ट किंवा मूळ कुटुंबनोंदीचं ठिकाण लिहिलेला रहिवासी दाखला लागतो. नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही, कारण त्यावर ते ठिकाण छापलेलं नसतं. मालक झेरॉक्स ठेवतो, नोंदवहीत नाव चढवतो, आणि काम सोडल्यावरही ती नोंद 3 वर्षं जपतो. झेरॉक्स खुशाल द्या, पासपोर्ट मात्र कुणाच्या ताब्यात देऊ नका.

बरीच वर्षं काढलेल्यांना स्वतःचा बार काढायचा असतो. गिऱ्हाइकाशेजारी बसून सरबराई करण्याचा बार असेल, तर अर्ज स्थानिक पोलिस ठाण्यात करायचा. परवाना देतो प्रांताचा सार्वजनिक सुरक्षा आयोग. सोबत जागेचा नकाशा, जागामालकाची संमती, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र. टोकियोत शुल्क 24,000 येन, निकालाला साधारण 55 दिवस. तेवढा धीर नसलेले दुसऱ्याच्या परवान्यावर दुकान थाटतात, पण तोही विनापरवाना धंदाच. 28 जून 2025 पासून विनापरवाना धंद्याला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटी येनपर्यंत दंड आहे. कंपनी असेल तर दंड 30 कोटींपर्यंत. मुली आणून देणाऱ्या दलालाला कमिशन देणंही त्याच दुरुस्तीने देहविक्रयाशी जवळीक असलेल्या दुकानांना बंद झालं.

प्रौढ चित्रफितींचा कायदा वेगळा, जून 2022 चा. प्रत्येक फितीसाठी स्वतंत्र लेखी करार. करारानंतर 1 महिना चित्रीकरण नाही, चित्रीकरणानंतर 4 महिने प्रदर्शन नाही. प्रदर्शनानंतर वर्षभर कलाकार भरपाई न देता करार मोडू शकतो. शंभर फिती केलेल्या कलाकारालाही त्या महिनाभराच्या थांबण्यातून सूट नाही, आणि सर्वाधिक कुरकुर याच जुन्या मंडळींची आहे.