गाडीवरचा घासलेला डाग: काही गेलंय की काही आलंय?

मागच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेला, होम मैदानाजवळ एका बोळात गाडी लावून आम्ही सगळे जत्रेत गेलो आणि दोन तासांनी परत आलो तर मागच्या दारावर वीतभर लांब काळा पट्टा, आणि त्याच्या शेपटाला एक बारीक पांढरी रेघ. गाडी मरून रंगाची, त्यामुळे दोन्ही लांबूनच दिसत होतं. कुणाच्या तरी मोटारसायकलचं हँडल घासून गेलेलं, काळा पट्टा मुठीच्या रबराचा आणि पांढरी रेघ ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाची, हे नंतर नीट बघितल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो तेवढ्यात आमचे दाजी बादली आणि भांड्याची हिरवी घासणी घेऊन खाली गेले. "थांब की, आत्ता काढतो बघ, पाच मिनिटांचं काम आहे." खरंच पाच मिनिटांत काळा पट्टा गेला. पण दार वाळलं तसं तिथं पंजाएवढा धुरकट चट्टा दिसायला लागला, जसं काचेवर कुणी तोंडाने हा केल्यावर वाफ जमते तसा, आणि तो पुसून जाईना. दाजी बिचारे गप्पच झाले. त्यांची चूक मी मानत नाही कारण आपल्याकडे दहातले नऊजण हेच करतात, डाग दिसला की घासायचं. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

घासायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: इथं माझ्या गाडीचं काही गेलंय, की दुसऱ्याचं काही येऊन चिकटलंय? दिसायला दोन्ही सारखे वाटतात पण उपाय एकदम उलटे आहेत. चिकटलेलं असेल तर ते विरघळवून काढायचं, घासायची गरजच नाही. गेलेलं असेल तर कितीही घासा, गेलेलं परत येत नाही, उलट अजून जातं.

किती जातं ते कळायला रंगाचा थर किती असतो ते बघू. दाराचा पत्रा, त्याच्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, गॅरेजवाले त्याला लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा जरासं जास्त. त्यातला क्लिअर कोट फक्त 35 ते 50 मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती केसापेक्षाही पातळ कातडी आहे. आणि ती नुसती चमकेसाठी नाही, ऊन अडवणारी रसायनं त्यातच असतात. सोलापूरच्या उन्हात ती कातडी पातळ झाली की खालचा रंग फिका पडतो, टपाचे पोपडे निघायला लागतात, अशा जुन्या गाड्या सात रस्त्याला उभं राहिलं तरी चार दिसतील.

आता पाण्याची टेस्ट. जागा साबणपाण्याने हलकी धुवायची आणि ओली असतानाच बघायचं. ओलं असताना रेघ गायब झाली आणि वाळल्यावर परत आली, तर ती क्लिअर कोटमधला चरा आहे. ओलं असतानाही तशीच दिसत राहिली, तर एक तर वर काहीतरी चिकटलंय नाहीतर चरा क्लिअर कोट पार करून रंगात किंवा प्रायमरमध्ये उतरलाय.

हे असं का होतं? ज्यांच्या घरात शहाबादी फरशी आहे त्यांनी हे रोज बघितलंय. कोरडी फरशी राखाडी, फिकी. पोछा मारला की काळीभोर, तिच्यातल्या रेषासुद्धा दिसायला लागतात. फरशी बदललेली नसते, तिच्या खडबडीतपणात हवेच्या जागी पाणी शिरलेलं असतं. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना दोघांच्या अपवर्तनांकात, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्या आकड्यात, जेवढा फरक तेवढा तो जास्त परततो. हवेचा अंक 1, पाण्याचा 1.33, क्लिअर कोटचा साधारण 1.5. हवेतून क्लिअर कोटवर सरळ पडलेला प्रकाश साधारण 4 टक्के परततो, पाण्यातून पडला तर अर्धा टक्कासुद्धा परतत नाही. चऱ्याच्या खडबडीत कडा हा प्रकाश वाटेल त्या दिशेला फेकतात म्हणून तो पांढरा दिसतो. पाण्याने तो खळगा भरला की फेकाफेक जवळजवळ थांबते आणि चरा दिसेनासा होतो. आणि म्हणूनच नुकत्या धुतलेल्या ओल्या गाडीवर चरा शोधू नये, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तर अजिबात नाही.

दुसरी टेस्ट नखाची. नख रेघेवर आडवं, हळूच फिरवायचं. अडकलं नाही तर चरा उथळ, पॉलिशने जाईल. अडकलं तर खोल आहे, तिथं पॉलिशच्या नादाला लागू नका.

आमच्या दारावरचा काळा पट्टा चिकटलेला होता. मुठीचं रबर, टायर, फुटरेस्ट हे सगळं रबर काळं असतं ते त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी मिसळलेली असते म्हणून. जोरात घासताना तिथं क्षणभर उष्णता होते, रबराचा पातळ लेप निघून रंगावर बसतो. पाण्याने तो निघत नाही कारण रबराचं पाण्याशी जमतच नाही, त्याचं तेलाशी जमतं. कोकणातले पाहुणे फणस कापायच्या आधी हाताला आणि विळीला खोबरेल लावतात ते बघितलंय ना? फणसाचा चीक रबराच्याच गोतावळ्यातला, पाण्याने जन्मात सुटत नाही, तेलाने सुटतो. तेच इथं. मऊ फडक्यावर थोडंसं टर्पेंटाइन किंवा रॉकेल घ्यायचं, डागावर अर्धा मिनिट टेकवून ठेवायचं आणि मग हलक्या हाताने पुसायचं, डाग फडक्यावर येतो. नंतर साबणपाण्याने ती जागा धुवून टाकायची, तेलकटपणा राहिला की त्यावर धूळ बसते.

पेट्रोल वापरू नका हे मी अगदी हात जोडून सांगतो. पेट्रोलची वाफ कुठल्याही ऋतूत पेट घेते. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये रॉकेलसुद्धा तेवढं निर्धास्त नाही, त्याची वाफ पेट घेण्याइतकी जमायला साधारण 35 ते 40 डिग्री लागतात आणि तेवढं तापमान सोलापुरात सावलीत असतं. म्हणून सकाळी लवकर, मोकळ्या जागेत, आणि जवळ बिडी-सिगरेट नाही अशा ठिकाणी.

मग कुणी विचारेल, डाग विरघळतो तर गाडीचा रंग का विरघळत नाही? मला या सगळ्यातला सगळ्यात आवडलेला भाग हाच. कंपनीत गाडीला रंग मारून ती भट्टीतून काढतात, साधारण 140 डिग्रीला. त्या तापमानात रंगाच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या गाठी मारतात आणि सगळं मिळून एक जाळं होतं. सुटं सूत वेगवेगळं काढता येतं पण चादर विणून झाली की एक धागा ओढून ती उसवत नाही, तसंच. कंपाउंडच्या भिंतीचा डिस्टेंपर किंवा इमल्शन नुसतं वाळलेलं असतं, त्यात अशा गाठी नसतात. म्हणून भिंत घासून आलेला रंग आधी कोमट साबणपाण्यात भिजवायचा, नाही निघाला तर दवाखान्यातलं स्पिरिट फडक्यावर घेऊन टेकवायचं, तो मऊ होऊन निघतो आणि गाडीचा रंग जाग्यावर राहतो. पण गाडी आधी कुठं ठोकून परत रंगवलेली असेल तर सावध, कारण सगळीकडे भट्टी नसते, काही ठिकाणी अशा गाठी न मारणारा साधा लॅकर मारून नुसता वाळवतात आणि तो थिनरने, कधी कधी स्पिरिटनेसुद्धा उतरतो. दाराच्या आतल्या कडेला, जिथं दिसत नाही तिथं, आधी एक थेंब लावून बघा. थिनर तर मी घरी वापरतच नाही.

आता घासणीकडे येतो. त्या हिरव्या घासणीत बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. 1812 साली फ्रीडरिश मोस यांनी खनिजांच्या कडकपणाची 1 ते 10 अशी पट्टी मांडली, त्यात हे 9 वर येतं, हिऱ्याच्या खालोखाल. क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लास्टिकच, रंग उद्योगात त्याचा कडकपणा शिसपेन्सिलीने मोजतात, एचबी, एच, 2एच अशा पेन्सिलींनी ओरखडून. एवढं सांगितलं की दाजींच्या हातून काय झालं ते कळतं, पट्ट्याबरोबर क्लिअर कोटवर हजारो बारीक चरे पडले आणि प्रत्येक चरा प्रकाश फेकायला लागला, तो धुरकट चट्टा. टूथपेस्टचंही तेच आहे, तिच्यात घासणारी पूड असते पण ती दातांसाठी, तिचा बारीकपणा रंगासाठी ठरवलेला नसतो.

आणि घासणी नसली तरी धूळ आहेच. आपली काळी माती बेसाल्टच्या दगडाची, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. त्या दगडातली खनिजं मोसच्या पट्टीवर 5 ते 6 च्या आसपास, आणि रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असेल तर ते 7. होटगी रोडवरून आलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे हीच पूड रंगावर दाबून फिरवणं. आधी पाणी सोडायचं, धूळ वाहू द्यायची, मग हात लावायचा.

फडकं कुठलं? इथं मला जरा जड जातं कारण घरात टॉवेल-चादरीचाच विषय असतो. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखं काही नाही. पण त्याचे उभे लूप खडे धरून ठेवतात आणि काठाची शिलाई कडक असते, त्यामुळे रंगावर मायक्रोफायबरच बरं. त्याचे तंतू कापसाच्या तंतूपेक्षा बरेच बारीक, धूळ उचलून आत घेतात. टॉवेल काचांना आणि पायऱ्यांना वापरा, बिनधास्त.

खालचा काळा खरखरीत बंपर ही वेगळी जात. ते पॉलिप्रॉपिलिन असतं, त्यावर ना रंग ना क्लिअर कोट, त्यामुळे तिथं पॉलिश लावूच नका, पांढरी पूड खाचांत बसते ती निघत नाही. तिथला पांढरट ओरखडा बऱ्याचदा प्लास्टिक ताणलं गेल्याने येतो, आत सूक्ष्म पोकळ्या होतात आणि त्या प्रकाश फेकतात. हेअर ड्रायरने जरा गरम केलं की बऱ्यापैकी फिका होतो. आतमध्ये दाराच्या उंबऱ्यावर चपलांचे डाग पडतात ते साबणपाण्याने जातात. पांढरा मॅजिक स्पंज मिळतो तोही चालतो, फक्त तो मेलामाइनचा फेस आहे आणि बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो, चकचकीत भागावर नको.

आमचा चट्टा शेवटी अक्कलकोट रोडच्या एका पेंटर मिस्त्रींकडे नेला. त्यांनी आधी मायक्रॉन मीटर काढला, हा चुंबकाने पत्र्यापासून वरपर्यंतची जाडी मोजतो. चट्ट्याच्या बाहेर 121, आत 117. "चार गेलेत बघा घासण्यात," ते म्हणाले, "अजून दोन-तीन मी काढणार, मगच सपाट होईल." रबिंग-पॉलिश म्हणजे हेच, चरा भरत नाहीत, आजूबाजूची जमीन चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात. गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) लगेच वाळून डाग धरतं, आणि बारीक कंपाउंडने मशीन हळूहळू फिरवलं. धुरकटपणा गेला. मीटर 114.

लिव्हरच्या रेघेवर त्यांनी नख फिरवलं, ते अडकलं, तशी त्यांनी मशीन बाजूला ठेवली. काडेपेटीतल्या काडीच्या टोकाने टचअपचा रंग थेंब थेंब करून रेघेत भरला, वाळू दिला, परत भरला. संध्याकाळी ऊन तिरकं आलं की ती रेघ अजून दिसते, बाकी वेळी शोधावी लागते.