मालकाची कणव, कामगाराचा हक्क

व्यवसाय चालवणाऱ्याने हाताखालच्या माणसांची अडचण ओळखावी, हा विचार आता मॅनेजमेंटच्या वर्गांत शिकवला जातो. आपल्याकडे तो त्याच्या कितीतरी आधी गिरण्यांत आणि कारखान्यांत अजमावून झाला होता. त्या इतिहासाकडे पाहताना मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: मालकाला वाटलेली आपुलकी नियमात उतरली तेवढीच टिकली.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे रोकडा हिशेब होता. कापूस आसपास पिकत होता आणि रेल्वे जवळ होती. अडचण आली ती माणसांची. रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. शेतीवाडीतून आलेल्या माणसाला भोंग्याच्या ठोक्यावर बारा महिने उभे राहण्याची सवय कुठून असणार? दंड लावणे, खाडे कापणे हे उपाय प्रत्येक मुकादमाला ठाऊक होते. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी वेगळा विचार केला. माणूस इथे टिकायचा तर म्हातारपणी आपले काय होईल, हात यंत्रात गेला तर घर कसे चालेल, या त्याच्या चिंतांना उत्तर हवे. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. चांगल्या कामाला बक्षिसे ठेवली, खेळांचे दिवस ठरवले. गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि दमट ठेवण्याची यंत्रणा बसवली. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात दमट हवेचा पहिला फायदा सुताला होतो, कारण कोरडे सूत तुटते. पण कापसाच्या तुसात दिवसभर श्वास घेणाऱ्याला खेळती हवाही तितकीच लागते. धंद्याचे हित आणि माणसाचे हित असे एकाच खोलीत भेटू शकते, हे तिथे दिसले. अपघात भरपाईचा सरकारी कायदा आला तो थेट १९२३ मध्ये.

मुंबईत मात्र बहुतेक मालकांना असे काही सुचले नाही. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत, म्हणजे उन्हाळ्यात दिवस तेरा-चौदा तासांचा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता, मोठ्यांच्या तासांना त्याने हात लावला नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. ते स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे आतले हाल त्यांना सांगोवांगी कळलेले नव्हते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, जखमी झाल्यास मदत. भाकरी खायला अर्धा तास मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो, यातच सगळे आले. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी, सहा वर्षांच्या झगड्यानंतर. मालकाच्या समजुतीची वाट पाहत बसले असते तर ती कधी मिळाली असती कोण जाणे.

लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना त्यांची बढती डावलून अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. पुढे बेळगावात जम बसत असताना नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचे माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. निवडुंग तोडायचे, साप मारायचे आणि त्यातच नांगर ओतायचे! मालक आणि कामगार एकाच माळावर राहत होते, पाण्याची टंचाई दोघांनाही सारखीच होती. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपवले. ज्याला गाव दारात उभे करत नाही, त्याच्या हाती कारखान्याची राखण द्यायची, याला नुसती दया म्हणता येणार नाही. स्वतः डावलला गेलेला माणूस दुसऱ्याच्या जागी स्वतःला पाहू शकत होता, असे मला वाटते.

टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात हीच वाट पुढे गेली. तिथे आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये, पगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये, प्रसूतिलाभ १९२८ मध्ये आला. तरीही संप झाले, १९२८ चा तर मोठाच. सोयी दिल्या म्हणून मालकाशी भांडण संपते असे नाही, आणि ते संपावे अशी अपेक्षा धरणेही गैर आहे. जो देतो तो काढूनही घेऊ शकतो, ही भीती कामगाराच्या मनातून आपोआप जात नाही.

ती कमी होते कायद्याने. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामाच्या तासांची मर्यादा आणि पगारी रजा त्याखाली येणाऱ्या सगळ्या कारखान्यांना बंधनकारक केली. त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा योजनेचा कायदा झाला. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने सुरुवातीला सहा उद्योग घेतले, त्यात कापड उद्योग होता. काही मालकांनी स्वतःहून केलेल्या गोष्टी व्यवहारात शक्य आहेत, हे तोवर सिद्ध झालेले होते. तोट्यात जाऊ, ही सबब त्यामुळे लंगडी पडली. माझ्या मते या मालकांचे सर्वांत मोठे काम हेच.

आज हाच प्रश्न मोटारसायकलवरून जेवण आणि किराणा पोचवणाऱ्यांचा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची, म्हणजे कायम नोकरीऐवजी सुटी कामे किंवा ॲपवरून मिळणारी कामे करणाऱ्यांची, व्याख्या प्रथमच आली. त्यांचे काम ॲप वाटून देते, त्यामुळे तक्रार ऐकायला समोर मुकादमही नसतो. कंपनीच्या प्रमुखांनी महिन्यातून एक दिवस स्वतः पावसात ऑर्डर पोचवून पाहावी, आणि त्या दिवशी जे खटकेल ते करारात लिहून द्यावे.