कुत्र्याच्या गुडघ्याची सरकणारी वाटी वयासोबत जागेवर बसते का?

‘पिल्लू आहे अजून, मोठं झालं की वाटी आपोआप बसेल,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. वाटी सरकते कारण मांडीच्या हाडातली तिची खोबण उथळ असते, किंवा पायाची ठेवणच किंचित वाकडी असते. वयाने ही ठेवण सरळ होत नाही.

फसगत होते ती चालीमुळे. कुत्रा पळता पळता मागचा एक पाय उचलतो, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतो, पाय झटकतो आणि पुन्हा झकास पळू लागतो. बरा झाला असं वाटतं. खरं तर वाटी तेवढ्यापुरती परत बसलेली असते.

म्हणून लगेच ऑपरेशन? तेही नाही. वाटी किती सरकते यावरून १ ते ४ असे ग्रेड ठरतात. ग्रेड १ मध्ये वाटी हाताने ढकलली तरच सरकते. तिथे वजन आटोक्यात ठेवणं आणि नियमित तपासणी बहुतेकदा पुरते. ग्रेड २ मध्ये निर्णय लंगडण्यावर आणि दुखण्यावर ठरतो. ग्रेड ३ आणि ४ मध्ये वाटी बहुतेक वेळ बाहेरच असते. अशा वेळी वाढत्या पिल्लाच्या बाबतीत थांबणं मला धोक्याचं वाटतं, कारण स्नायूंची ओढ चुकीच्या दिशेने राहिली की हाडंही वाकडी वाढतात. त्याला हाडांच्या सर्जनकडे लवकर न्या. लंगडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, तपासणीच्या वेळी कुत्रा नेमका नीट चालू शकतो.