काटा मध्यावर, तरी धातू तापलेला

‘काटा मध्यावरच आहे की, मग कूलंट कशाला बदलायचं?’ जुनी डिझेल गाडी असलेल्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. पण डॅशबोर्डवरचा तो तापमानाचा काटा इंजिनाच्या धातूचं तापमान दाखवतच नाही. त्याचा सेन्सर बुडालेला असतो कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आतून किती तापलंय, याचा त्याला पत्ताही नसतो.

या दोन तापमानांतली दरी वाढवतो तो क्षारांचा थर, आणि तो बसतो कसा हे मला फार विलक्षण वाटतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं नेमकं उलट. शाळेत शिकलेलं दुष्फेन पाणी आठवा, कूलंटमध्ये साधं पाणी मिसळलं की तेच आत जातं: त्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी तापलं की बायकार्बोनेटचं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तयार झालेलं कार्बोनेट पाण्यात टिकत नाही. पाणी जितकं गरम, तितकी त्याची विद्राव्यता कमी. म्हणून ते चिकटतं सर्वांत तापलेल्या भिंतीला, जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. जिथून उष्णता काढून नेण्याची निकड सर्वांत जास्त, नेमकं तिथेच.

या थराची उष्णतावाहकता साधारण 1 ते 2 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तर बिडाची 50 च्या आसपास. म्हणजे 1 मिलिमीटर क्षार उष्णतेला निदान 25 मिलिमीटर बिडाइतका अडवतो. ज्वलनाची उष्णता तर बाहेर पडणारच. त्यासाठी धातूला आणखी तापावं लागतं. कूलंटकडे पोचणारी उष्णता जवळपास तेवढीच राहते, म्हणून काटा हलत नाही. हेडला तडा जातो किंवा त्याच्या सांध्यातलं गॅस्केट उडतं, तेव्हा ते ‘अचानक’ झाल्यासारखं वाटतं.

कूलंटमधला मूळ द्रव, ग्लायकॉल, बरीच वर्षं टिकतो. आधी संपतात ती गंजरोधक द्रव्यं. हिरवा, लाल, निळा हा निव्वळ रंग असतो, त्यावरून दर्जा ठरवू नये. क्षार साफ करायच्या, ‘ओता आणि विसरा’ म्हणणाऱ्या बाटल्यांवरही माझा विश्वास नाही. सुटलेला गाळ बाहेर काढला नाही, तर तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतो.

फ्लशिंग, म्हणजे जुनं कूलंट काढून आतून धुणं, इंजिन पूर्ण थंड असतानाच करावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाबाखालचं पाणी उकळत अंगावर येतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे त्याच्या नळ्याही धुतल्या जातात. रेडिएटरमधून नेहमीच्या उलट दिशेने पाणी सोडलं की तपकिरी चिखल भसकन बाहेर पडतो. सायट्रिक ॲसिडने क्षार आणि गंज दोन्ही विरघळतात, मात्र नंतर पुन्हा पुन्हा धुवावं, कारण मागे राहिलेलं ॲसिड नव्या कूलंटची गंजरोधकं खाऊन टाकतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नये: ते गोड लागतं, विषारी असतं आणि जनावरं ते चाटतात.

शेवटी एक हिशोब. धुतल्यावर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये थोडं पाणी अडकून राहतंच. त्यामुळे आधीच पाणी मिसळलेलं कूलंट ओतलं तर ते पातळ होतं. सिस्टिम 8 लिटरची असेल आणि मिश्रण निम्मं-निम्मं हवं असेल, तर आधी 4 लिटर निखळ कूलंट ओतावं आणि मग डिस्टिल्ड वॉटरने भरून, हवा काढून, पातळी पुन्हा बघावी.