चुंबक तुटला की काय उरतं?

जुन्या स्पीकरच्या पाठीमागची काळी, जाड कड्यासारखी चकती एकदा माझ्या हातातून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. म्हटलं, चुंबकच तो, आपणहून जुळेल. पण तुटल्या जागी तुकडे जुळवायला गेलो की ते एकमेकांना ढकलायचे. जरा जोर लावला तर एक तुकडा टुणकन उलटा व्हायचा आणि दुसऱ्याच्या पाठीवर जाऊन बसायचा. शाळेतला पट्टी चुंबक मधोमध मोडला तर नेमकं उलट घडतं. तुटलेली टोकं खटकन पुन्हा चिकटतात.

फरक आहे तो चीर कुठून गेली याचा. चकतीचे ध्रुव तिच्या दोन सपाट बाजूंवर असतात. त्यामुळे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की उत्तर ध्रुवालगत उत्तर आणि दक्षिणेलगत दक्षिण येतो. पट्टी आडवी मोडली तर समोरासमोर विजातीय ध्रुव येतात. ‘मोडल्यावर ताकद कमी होते का’ हा प्रश्न विचारणाऱ्याला म्हणूनच आधी उलट विचारावं लागतं: कसा मोडला, आणि ताकद म्हणजे नेमकं काय?

यातला ध्रुवांचा भाग फार जुना आहे. ८ ऑगस्ट १२६९ रोजी, इटलीतल्या लुचेरा शहराला वेढा घालून बसलेल्या सैन्याच्या तळावरून, पेत्रुस पेरेग्रिनुस या फ्रेंच माणसाने आपल्या स्नेह्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात चुंबकदगडाचे ध्रुव कसे शोधायचे हे तर आहेच, शिवाय दगडाचे दोन तुकडे करून ते पाण्यावर तरंगते ठेवायचा प्रयोगही आहे. प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतात आणि तुटलेली टोकं एकमेकांकडे ओढली जातात, हे त्याने स्वच्छ लिहून ठेवलं. वेढ्याच्या धामधुमीत एवढं नीटस काम करणाऱ्या या माणसाबद्दल मला फार कौतुक वाटतं. ताकद किती उरली, हे मोजायचं साधन मात्र त्याच्याकडे नव्हतं.

१६०० साली लंडनच्या विल्यम गिल्बर्ट या डॉक्टरांनी चुंबकावरचा आपला मोठा ग्रंथ छापला. लसूण चोळली की चुंबक निकामी होतो, असल्या ऐकीव गोष्टी त्यांनी प्रयोग करून निकालात काढल्या. मोजमापाला खरी सुरुवात झाली ती अठराव्या शतकात. १७८५ च्या सुमारास कुलोम या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पीळ मोजणाऱ्या तराजूवर ध्रुवांमधलं बल मोजलं. एकटा ध्रुव तोडून वेगळा काढता येत नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणून त्यांनी लांबलचक, बारीक पोलादी सुया घेतल्या. दुसरा ध्रुव इतका लांब राहायचा की त्याचा परिणाम जवळजवळ जाणवायचा नाही. चुंबकात उत्तर आणि दक्षिण असे दोन ‘द्रव’ असतात, अशी तेव्हाची समजूत होती. तसं असेल तर मोडल्यावर एका तुकड्यात एकच द्रव सापडायला हवा. तो सापडत नाही, म्हणून कुलोम यांनी मांडलं की हे द्रव कणाकणात कोंडलेले आहेत आणि कणाबाहेर पडत नाहीत. द्रव चुकीचे निघाले, पण ‘कणाकणात’ हे बरोबर होतं.

१८२० नंतर अँपिअर यांनी द्रवांच्या जागी कणांमध्ये फिरणारे सूक्ष्म विद्युतप्रवाह आणले. १९०७ मध्ये पिएर वाइस यांनी सांगितलं की लोखंडात असे असंख्य कण एकाच दिशेला तोंड करून असतात आणि त्यांचे गट पडतात. हे गट म्हणजे डोमेन. १९३१ मध्ये फ्रान्सिस बिटर यांनी चुंबकाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर अगदी बारीक चुंबकीय भुकटी पसरवून डोमेनच्या सीमा डोळ्यांना दाखवल्या. चुंबक मोडला तरी बहुतेक गट होते तसेच राहतात, म्हणून प्रत्येक तुकडा पुरता चुंबक असतो.

आता ताकद. पट्टीचे दोन सारखे तुकडे केले तर एकूण चुंबकत्व अर्धं-अर्धं वाटलं जातं. पण टोकाशी टाचणी उचलायची ताकद निम्मी होत नाही. तुकडा पुरेसा लांब असेल तर ती जवळपास पहिल्याइतकीच राहते. खरी पंचाईत होते ती तुकडा आखूड होत जातो तेव्हा. दोन्ही ध्रुव जवळ आले की चुंबकाचं स्वतःचंच क्षेत्र आतून त्याच्या विरुद्ध रेटू लागतं. जुनं पोलाद हा रेटा सोसू शकत नसे, त्यामुळे आखूड तुकडा कायमचा दुबळा होई. जुने चुंबक लांब पट्टीचे किंवा नालाच्या आकाराचे का असत आणि ठेवताना त्यांच्या टोकांवर लोखंडाची पट्टी का लावत, याचं कारण हेच.

१९३० च्या दशकात आलेल्या ॲल्युमिनियम-निकेलच्या मिश्रधातूंनी परिस्थिती सुधारली. पुढे फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला, मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ चुंबक) आणि १९८० च्या दशकात निओडिमियम (या धातूचा लोखंड आणि बोरॉन मिसळून केलेला चुंबक) आल्यावर नाण्यासारखी पातळ चकतीही आपलं चुंबकत्व टिकवू लागली. निओडिमियमचा चुंबक तुटला तर तुटण्यामुळे होणारं नुकसान किरकोळच. त्याचा घात वेगळ्या वाटेने होतो: वरचा निकेलचा मुलामा फाटतो, ओल शिरते आणि उघडी पडलेली कड गंजून भुसभुशीत होते. करवतीने कापायला जावं तर उष्णतेने चुंबकत्व जातं. साध्या प्रतीच्या निओडिमियमला ८० अंश सेल्सिअसच्या पुढे धोका सुरू होतो, आणि त्याचा उडालेला भुगा पेटतो हे निराळंच.

आणि तोडतच गेलो तर? तुकडे एका डोमेनहून लहान झाले की आत सीमाच उरत नाही, सगळा कण एकाच दिशेने चुंबकित राहतो. त्याच्याही खाली, काही नॅनोमीटरपासून (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) काही दहा नॅनोमीटरपर्यंत, कुठे ते पदार्थावर अवलंबून, साध्या खोलीच्या उष्णतेनेच कणाची दिशा सतत उलटसुलट होऊ लागते. लुई नील यांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. एवढ्या लहान कणात दोन ध्रुव असतातच, फक्त उत्तर कुठला आणि दक्षिण कुठला हे क्षणोक्षणी बदलत राहतं.