तीन बोटींचं आरमार आणि कमोडोर अल्काराझ

7 मे 2020. टाळेबंदीचे दिवस. कोची बंदर सोडून नुकत्याच निघालेल्या एका परदेशी युद्धनौकेच्या इंजिनरूममध्ये आग लागली. आग लवकर विझली, पण दोन खलाशी भाजले आणि जहाज मागे फिरवून पुन्हा कोचीला आणावं लागलं. ही बातमी आज फारशी कुणाला आठवणार नाही. त्या आठवड्यात कोचीकडे डोळे लागले होते ते मालेहून येणाऱ्या आपल्या 'जलाश्व'साठी. ती 698 भारतीयांना घेऊन 10 मेला पोचली.

योगायोग असा, की ते जळालेलं जहाजही अशाच कामावर निघालेलं होतं. जानेवारीत अमेरिकेने इराणचा सेनापती सुलेमानी याला मारल्यावर आखातात युद्ध पेटेल अशी धास्ती होती. तिथल्या आपल्या कामगारांना गरज पडली तर आणता यावं म्हणून फिलिपिन्सने दोन जहाजं ओमानच्या दिशेने पाठवली. युद्ध झालं नाही, कोरोना आला. परतीच्या वाटेवर कोचीत दोन लाख मास्क चढवून घेतले आणि मग ही आग लागली. जहाजाचं नाव बीआरपी रामोन अल्काराझ. बीआरपी म्हणजे 'फिलिपिन्स प्रजासत्ताकाचं जहाज'.

अल्काराझ म्हटलं की आपल्याला टेनिसपटू आठवतो. तो स्पेनचा, हे फिलिपिन्सचे. स्पॅनिश गव्हर्नर जनरल क्लावेरियाने 1849 मध्ये आडनावांची छापील यादीच काढली आणि गावोगावच्या लोकांना त्यातून आडनावं वाटली. त्यामुळे मलय वंशाच्या या देशात आजही गार्सिया, रेयेस, सांतोस ही आडनावं ढिगाने सापडतात.

रामोन अल्काराझ 31 ऑगस्ट 1915 रोजी मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतात जन्मले. तेव्हा देश अमेरिकेच्या ताब्यात होता. 1935 मध्ये अंतर्गत स्वायत्तता मिळाली आणि दहा वर्षांनी स्वातंत्र्य देण्याचं ठरलं. म्हणजे तेवढ्या काळात स्वतःचं सैन्य उभं करायचं होतं. राष्ट्राध्यक्ष केसॉन यांनी लष्करी सल्लागार म्हणून डग्लस मॅकआर्थरला बोलावलं. बाग्यो या थंड हवेच्या गावी सैनिकी अकादमी निघाली आणि चार वर्षांचं शिक्षण पुरं करून 1940 मध्ये तिची पहिली तुकडी बाहेर पडली. अल्काराझ त्या तुकडीतले.

आरमाराचं मात्र कठीण होतं. सात हजारांवर बेटांचा देश, आणि मोठी जहाजं घ्यायला पैसा नाही. मॅकआर्थरचा हिशेब असा, की मोठ्या जहाजांच्या नादी लागायचंच नाही. छोट्या वेगवान टॉर्पेडो बोटी घ्यायच्या आणि शत्रू किनाऱ्याजवळ आला की त्याला डसायचं. म्हणूनच अशा ताफ्याला 'मच्छर ताफा' म्हणत. फेब्रुवारी 1939 मध्ये 'ऑफशोअर पेट्रोल' नावाचं दल उभं राहिलं. नाव आरमाराचं नाही, किनारी गस्तीचं. बोटी इंग्लंडच्या थॉर्निक्रॉफ्ट कंपनीकडून डझनांनी यायच्या होत्या, पण युरोपात युद्ध पेटलं आणि इंग्लंडला स्वतःलाच बोटी हव्या झाल्या. मनिलाला दोनच पोचल्या, तिसरी तिथेच बांधली. लुझॉन, आब्रा आणि आगुसान या तीन 'क्यू-बोटी' म्हणजे देशाची सगळी लढाऊ ताकद.

थॉर्निक्रॉफ्टच्या या जातीच्या बोटी लाकडी, जेमतेम 55 ते 65 फूट लांब. टॉर्पेडो सोडायची रीत तर ऐकूनच घाम फुटावा. तो पुढून सुटत नाही, मागच्या खाचेतून शेपटीकडून पाण्यात घसरतो आणि बोट ज्या दिशेने चाललेली असते त्याच दिशेने सुटतो. म्हणजे आपलाच टॉर्पेडो आपल्या पाठीमागून येतोय. चालकाने त्या क्षणी सुकाणू फिरवून वाटेतून बाजूला व्हायचं. नाही झाला, तर शत्रूची गरजच नाही.

यातली आब्रा, म्हणजे क्यू-112, अल्काराझ यांच्या हाती आली. डिसेंबर 1941 मध्ये जपानी उतरले आणि फौजा बताआन द्वीपकल्पात मागे सरल्या. 17 जानेवारी 1942 रोजी लुझॉन आणि आब्रा बताआनच्या पूर्व किनाऱ्याला गस्त घालत असताना नऊ जपानी विमानं वरून झेपावली. लाकडी बोटीला चिलखत कुठलं? बचाव म्हणजे वेग, नागमोडी पळणं आणि मशीनगन. बोटींनी तीन विमानं पाडली. बाकीची परत गेली. अल्काराझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सिल्व्हर क्रॉस मिळाला.

दोनच महिन्यांनी मॅकआर्थर स्वतः अमेरिकी टॉर्पेडो बोटीत बसून कोरेहिदोर बेटावरून निघून गेला आणि ती बोट जगभर गाजली. क्यू-बोटींच्या वाट्याला तसं काही आलं नाही. माझ्या मते त्या दिवशीची झुंज त्या प्रवासापेक्षा कमी नाट्यमय नव्हती, पण तिच्यात कुणी जनरल बसलेला नव्हता.

9 एप्रिलला बताआन पडलं. नाकेबंदीतून निसटायचा प्रयत्न फसला, बोट गेली, अल्काराझ जपान्यांच्या कैदेत पडले. सुटल्यावर त्यांनी जपान्यांविरुद्ध गनिमी काव्याने लढणाऱ्यांना आतून मदत केली.

युद्धानंतरची वर्षं उभारणीची. ताफा आता बहुतेक अमेरिकेने वापरून दिलेल्या जहाजांचा होता. 1950 मध्ये देशात हुक या कम्युनिस्ट बंडखोरांचा जोर असताना नाविक दलाला मरीन, म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या सैनिकांची, तुकडी जोडली गेली. तिच्या उभारणीत अल्काराझ यांचा मोठा वाटा मानतात. त्याच वर्षाअखेर दलाला 'फिलिपिन्स नेव्ही' हे नाव मिळालं. अल्काराझ चढत चढत कमोडोर आणि आरमाराचे उपप्रमुख झाले.

फर्दिनांद मार्कोस डिसेंबर 1965 मध्ये सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी अल्काराझ निवृत्त झाले. सर्वोच्च पद एका पायरीवर राहिलं. मार्कोसशी त्यांचं कधी जमलं नाही आणि ते त्यांनी लपवलंही नाही. 1972 मध्ये मार्शल लॉ आला, निवृत्तीनंतर उभा केलेला धंदा हातचा गेला आणि ते अमेरिकेत गेले. तिथून मार्कोसविरोधी चळवळीत राहिले. 25 जून 2009 रोजी, वयाच्या 93व्या वर्षी ते वारले.

तीन वर्षांत नाव परत आलं. 2012 मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने 'डॅलस' हे 1967 पासून सेवेत असलेलं, व्हिएतनाम पाहिलेलं 115 मीटरचं जहाज फिलिपिन्सला दिलं. राष्ट्राध्यक्ष होते बेनिग्नो अकिनो तिसरे, म्हणजे मार्कोसने वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलेल्या निनॉय अकिनोंचा मुलगा. त्यांच्या कारकिर्दीत जहाजाला नाव मिळालं अल्काराझ यांचं. त्यामागे राजकारण नव्हतंच असं मी म्हणणार नाही, पण माणूस त्या नावाला पात्र होता.

जहाज आलं तेव्हा फ्रिगेट, म्हणजे गस्ती नौकेहून वरच्या वर्गातली युद्धनौका, म्हणवलं जात होतं. 2020 च्या मे महिन्यात, हे कोचीत दुरुस्तीला असतानाच, दक्षिण कोरियात बांधलेली 'होसे रिझाल' ही नवीकोरी फ्रिगेट फिलिपिन्सला पोचली. त्याआधीच जुन्या जहाजांची वर्गवारी बदलून त्यांना गस्ती नौका केलेलं होतं. ज्या मरीनच्या उभारणीत अल्काराझ होते त्यांच्याकडे आता ब्रह्मोस आहे. पहिली खेप एप्रिल 2024 मध्ये हवाई दलाच्या विमानातून नागपूरहून गेली. ती स्वीकारली फर्दिनांद मार्कोस ज्युनियर यांच्या सरकारने. आणि थोरल्या मार्कोसशी न पटलेल्या कमोडोरच्या नावाचं जहाज धाकट्या मार्कोसच्या आरमारात गस्त घालतंय.